कॅनन आर५० की निकॉन झेड३०? पहिला मिररलेस कॅमेरा घेण्याआधीची तुलना, पायरीपायरीने

पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायला निघालेल्यांची यादी बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन अडते. एक कॅननचा ईओएस आर५० आणि दुसरा निकॉनचा झेड३०. झेड३० जून २०२२ मध्ये जाहीर झाला, आर५० फेब्रुवारी २०२३ मध्ये. किट लेन्ससकट, म्हणजे कॅमेऱ्यासोबत खोक्यात येणाऱ्या लेन्ससकट, दोघांच्या किमती एकमेकांच्या जवळपास फिरतात. बॅटरी आणि कार्ड धरून आर५० सुमारे ३७५ ग्रॅम भरतो, झेड३० सुमारे ४०५. कागदावर जुळी भावंडं वाटावीत इतके सारखे, म्हणूनच निवड अवघड होते.

मग माणूस इंटरनेटवर तुलनेचे तक्ते उघडतो. त्यात पंचवीस-तीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला सारखंच महत्त्व दिलेलं असतं. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच ओळींनी तुमच्या फोटोत तिळमात्र फरक पडत नाही आणि एखाद्याच ओळीमुळे कॅमेरा वर्षभरात कपाटात जातो. ती एक ओळ प्रत्येकासाठी वेगळी असते. ती शोधायची कशी, तेच इथे क्रमाने मांडतो. हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही जोडीला लावता येईल. उदाहरण मात्र याच दोघांचं घेतो, कारण यांच्यातले फरक थोडे असले तरी ठसठशीत आहेत.

पायरी १: कॅमेऱ्याआधी स्वतःचे फोटो बघा

फोन उघडा आणि गेल्या वर्षभराचे फोटो चाळा. स्क्रीनशॉट आणि सकाळचे शुभेच्छासंदेश सोडून जे उरतात, ते कशाचे आहेत? मुलांचे, सहलीचे, गडांवरचे, जेवणाच्या ताटाचे, की स्वतः बोलत असलेले व्हिडिओ? आता त्यातले असे बाजूला काढा जिथे फोनने निराशा केली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून काढलेला, ज्यात चेहऱ्याच्या जागी नुसता डाग दिसतो. विसर्जन मिरवणुकीतला, ज्यात ढोल वाजवणारे हात फिसकटलेत. भिगवणला उजनीच्या पाणलोटावर काढलेला, ज्यात रोहित पक्षी म्हणजे गुलाबी ठिपके.

याच निराशेच्या फोटोंमधून तीन प्रकार निवडा आणि कागदावर लिहा. तीनच. 'सगळंच करायचंय' असं लिहिलंत तर पुढची एकही पायरी उपयोगाची नाही. प्रत्येक प्रकारासमोर तीन गोष्टी नोंदवा: उजेड किती असतो, विषय हलतो का, आणि तुम्ही त्याच्यापासून किती लांब असता. स्नेहसंमेलनासाठी उत्तर येईल 'उजेड कमी, विषय हलणारा, अंतर बरंच'. पाककृतीच्या व्हिडिओसाठी 'उजेड आपल्या हातात, विषय जवळजवळ स्थिर, अंतर दोन हात'. या दोन माणसांनी एकच कॅमेरा घ्यावा असं मुळीच नाही.

पायरी २: जे सारखंच आहे ते खोडून टाका

तक्ता घ्या आणि पेन्सिलने या ओळी खोडा.

दोघांचाही सेन्सर (उजेड टिपणारी चिप) एपीएस-सी आकाराचा, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीहून लहान आहे. कॅननचा किंचित लहान, २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, आणि निकॉनचा २३.५ बाय १५.७. कमी उजेडातल्या फोटोत हा फरक शोधूनही सापडणार नाही. दोघेही ४के व्हिडिओ सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत देतात. फुल एचडीत दोघेही १२० फ्रेमपर्यंत जातात. दोघांचा पडदा बाजूला उघडून फिरतो आणि स्पर्शावर चालतो. दोघांनाही एका वेळी एकच कार्ड बसतं. दोघांनाही बाहेरचा माइक जोडता येतो, हेडफोन मात्र कुणालाच नाही. बॉडीच्या आत सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा दोघांतही नाही. पावसापाण्यापासून संरक्षणही नाही.

राहिले मेगापिक्सेल. इथे लोक उगाच अडतात, म्हणून थोडा हिशोब करू. आर५० देतो २४.२ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो. झेड३० देतो २०.९, म्हणजे ५५६८ बाय ३७१२. रुंदीतला फरक आठ टक्क्यांहूनही कमी. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. दोघेही ती रेघ ओलांडतात. फोटो नंतर खूप कापून वापरायची सवय असेल, विशेषतः पक्ष्यांचे, तर कॅननचे जास्तीचे पिक्सेल थोडे कामी येतील. बाकी सगळ्यांनी ही ओळ निर्धास्त खोडावी.

पायरी ३: जे उरतं ते तुमच्या कागदाशी ताडून बघा

इथे घाई करू नका. खरी निवड याच पायरीवर होते.

व्ह्यूफाइंडर. आर५०ला डोळा लावून बघायची खिडकी आहे, २३.६ लाख ठिपक्यांचा छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा. झेड३०ला ती नाही आणि नंतर जोडताही येत नाही. फोनवर वाढलेल्या पिढीला वाटतं, पडदा आहे की! रायगडावर एप्रिलच्या दुपारी बारा वाजता तोच पडदा उघडून बघा. त्यात तुमचा स्वतःचा चेहरा दिसेल, जगदीश्वराचं मंदिर दिसणार नाही. चष्म्यावर गॉगल चढवला तर उरलंसुरलंही जातं. फ्रेम अंदाजाने लावायची आणि उजेड बरोबर आला का ते सावलीत जाऊन बघायचं, असा प्रकार होतो.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं वाटतं. लांब पल्ल्याची लेन्स लावलेला कॅमेरा हात पुढे करून धरला की थरथरतो. तोच डोळ्याला लावला, कोपर अंगाशी घेतले, की भुवई, डावा हात आणि उजवा हात अशा तीन ठिकाणी त्याला आधार मिळतो. उडत्या पक्ष्यामागे किंवा धावत्या मुलामागे कॅमेरा फिरवताना हा आधार नसेल तर विषय फ्रेममध्ये ठेवणंच कठीण जातं. तुमच्या कागदावर 'उन्हात', 'लांबून' किंवा 'हलणारा' यांतले दोन शब्द असतील तर मी तुम्हाला झेड३० सुचवणार नाही, मग त्यावर कितीही सवलत असो.

ऑटोफोकस. आर५०मध्ये कॅननची ड्युअल पिक्सेल सीमॉस एएफ २ ही यंत्रणा आहे. ती माणसं, प्राणी आणि वाहनं ओळखते, आणि प्राण्यांत कुत्रा, मांजर व पक्षी येतात. झेड३० माणसांचे आणि कुत्र्या-मांजरांचे चेहरे व डोळे ओळखतो. पक्षी त्याच्या यादीत नाहीत. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसावर दोघेही घट्ट टिकतात. पण अंगणात गोल गोल धावणाऱ्या तीन वर्षांच्या मुलावर कॅनन जास्त चिकटून राहतो. मुलाने पाठ फिरवली आणि परत वळला, तरी तो त्याला पटकन धरतो.

व्हिडिओची लांबी. इथे पारडं निकॉनकडे झुकतं. झेड३० एका दमात १२५ मिनिटांपर्यंत रेकॉर्ड करू शकतो. आर५० तासाला थांबतो आणि बटण पुन्हा दाबावं लागतं. घरगुती व्हिडिओला हा फरक जाणवतही नाही. पण कीर्तन, दशावतारी नाटक, मुलीचा अरंगेत्रम, शिकवणीचा वर्ग, ग्रामसभा असं एका जागी तिपाईवर लावून अखंड टिपायचं असेल तर ही एकच ओळ निर्णय करून टाकते. पूर्वरंग संपून आख्यान रंगात आलंय आणि कॅमेरा बंद पडलेला कुणाच्या लक्षातच आलेलं नाही, असं व्हायला नको. झेड३०च्या पुढच्या बाजूला लाल दिवा आहे, तो रेकॉर्डिंग चालू असल्याचं समोरून दाखवतो. एकट्याने स्वतःचा व्हिडिओ करणाऱ्याला या दिव्याची किंमत पहिल्याच दिवशी कळते. यूएसबी-सीमधून वीज देत तो चालवता येतो. उन्हाळ्यातल्या मांडवात मात्र सलग ४के चालवलं तर कुठलाही छोटा कॅमेरा तापतो, म्हणून अशा ठिकाणी फुल एचडी पुरे मानावं.

चक्र आणि मूठ. झेड३०ला दोन चक्रं आहेत, एक अंगठ्याखाली, एक तर्जनीखाली. मॅन्युअल (सगळं हाताने ठरवायची पद्धत) शिकताना एका बोटाने शटरचा वेग, दुसऱ्याने अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र), असा हात बसतो. आर५०ला एकच चक्र आहे. दुसरी गोष्ट बदलायला आधी बटण दाबावं लागतं. फोटोग्राफी मन लावून शिकायची असेल, तर हा फरक रोज बोटांना लागतो. निकॉनची मूठही खोल आहे. हात मोठा असेल तर आर५०वर करंगळी खाली लोंबकळते. उलट, ज्यांना चक्रांमध्ये अजिबात पडायचं नाही त्यांच्यासाठी आर५०चा ऑटो मोड आणि पडद्यावरची समजावणारी चित्रं जास्त सोपी आहेत.

फ्लॅश. आर५०मध्ये छोटा फ्लॅश वर उघडतो. झेड३०मध्ये फ्लॅशच नाही. एवढ्यावरून कॅननला गुण देऊन मोकळं होऊ नका. तो छोटा फ्लॅश हळदीच्या कार्यक्रमात चार फुटांवरच्या चेहऱ्याला पुरतो, त्यापुढे फारसा नाही. आणि बाहेरचा फ्लॅश लावायला गेलात की गोष्ट उलटते. झेड३०वर नेहमीचा हॉट शू (बाहेरचा फ्लॅश बसवायची वरची खाच) आहे. आर५०चा शू नव्या पद्धतीचा आहे आणि त्यात जुन्या फ्लॅशला लागणारे संपर्कबिंदू नाहीत. जुन्या पायाचा फ्लॅश किंवा ट्रिगर (फ्लॅश लांबून चालवणारं उपकरण) लावायला कॅननचा एडी-ई१ नावाचा जोड वेगळा विकत घ्यावा लागतो. छोट्या-मोठ्या कार्यक्रमांची कामं घ्यायचा विचार असेल तर हा खर्च आजच हिशोबात धरा.

शटर. आर५०मध्ये पूर्ण यांत्रिक शटर नाही. त्याच्या शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असतो. रोजच्या फोटोत काही बिघडत नाही. पण पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर वापरून सेकंदाला १५ फोटो घ्यायला गेलात तर झपकन हलणाऱ्या वस्तू तिरप्या येऊ शकतात, आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे दिवे आता एलईडीच असतात, तेव्हा तिथे हा मोड बंद ठेवायचा.

पायरी ४: पुढच्या दोन लेन्स आजच ठरवा

बॉडी चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्स त्याहून जास्त टिकतात. म्हणून मी नेहमी म्हणतो, तुलना बॉडीची करू नका, तुम्ही घेणार असलेल्या पहिल्या तीन लेन्सची करा.

आधी किट लेन्स. मिलिमीटरचा आकडा जितका लहान तितकी नजर रुंद, आणि एफ/चा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. कॅननसोबत येते १८-४५ मिलिमीटर एफ/४.५-६.३, निकॉनसोबत १६-५० मिलिमीटर एफ/३.५-६.३. सोळा आणि अठरा, दोनच मिलिमीटर, पण रुंद बाजूला ते फार असतात. निकॉनची नजर सुमारे ८३ अंश पसरते, कॅननची सुमारे ७४. पुण्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवून सगळं कुटुंब फ्रेममध्ये घ्यायचं असेल, वाड्याचा चौक किंवा गडाचा दरवाजा टिपायचा असेल, तर ते नऊ अंश लागतात. चालता चालता स्वतःचा व्हिडिओ करणाऱ्यांना तर जास्तच. कारण हादरे कमी करणारं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू केलं की दोन्ही कॅमेरे कडा कापतात. हात लांब करून धरलेल्या कॅननमध्ये मग चेहराच चेहरा उरतो.

दुसरी लेन्स कमी उजेडाची. दोन्ही किट लेन्स लांब टोकाला एफ/६.३ वर येतात, आणि तिथेच घरातले, देवळातले, संध्याकाळचे फोटो बिघडतात. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. तिथे किट लेन्सने उभं राहिलं की आयएसओ (उजेडाला प्रतिसाद देण्याची पातळी, ती वाढली की फोटोत दाणे येतात) कुठल्या कुठे जातो. कॅननची आरएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स एफ/६.३च्या तुलनेत सुमारे बारा पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे आयएसओ १२८०० लागत होता तिथे साधारण १००० पुरतो. फोटोतला एवढा फरक कुठल्याच बॉडीच्या बदलाने होणार नाही. निकॉनकडे झेड ४० मिलिमीटर एफ/२ आणि खास या आकाराच्या सेन्सरसाठी केलेली डीएक्स २४ मिलिमीटर एफ/१.७ आहे. घरातल्या घरात मला निकॉनची २४ अधिक सोयीची वाटते, कारण कॅननची ५० या सेन्सरवर बरीच जवळ आणते आणि लहान खोलीत मागे सरकायला जागा राहत नाही. ती चेहऱ्यांसाठी उत्तम. या तिन्ही लेन्समध्ये स्थिरीकरण नाही हे लक्षात असू द्या. हात हलणारे असतील तर शटर १/१०० च्या खाली नेऊ नका.

तिसरी लांब पल्ल्याची. दोन लेन्सच्या किटमध्ये कॅनन ५५-२१० मिलिमीटर एफ/५-७.१ देतो, निकॉन ५०-२५० मिलिमीटर एफ/४.५-६.३. इथे निकॉनची लेन्स थोडी लांबही आहे आणि थोडी उजळही, पण ती ज्या बॉडीवर बसते तिला व्ह्यूफाइंडर नाही. पक्ष्यांचा नाद लागलाच तर पुढची पायरी कॅननकडे स्पष्ट आहे. आरएफ १००-४०० मिलिमीटर एफ/५.६-८ ही लेन्स फक्त ६३५ ग्रॅमची आहे आणि आर५०च्या लहान सेन्सरवर ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबात ६४० मिलिमीटरएवढा पल्ला देते. निकॉनची १८०-६०० पल्ल्याला मोठीच, पण ती दोन किलोच्या आसपास जाते आणि झेड३०च्या बॉडीला तिचा तोल सांभाळवत नाही.

कॅननबद्दल एक जुनं मत अजून ऐकू येतं, की त्याला दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स मिळत नाहीत. ते २०२४ पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. त्या वर्षी कॅननने एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉनला वाट मोकळी केली. सिग्माची १८-५० मिलिमीटर एफ/२.८ आता आर५०वर बसते, आणि किट लेन्सच्या जागी एकच चांगली लेन्स हवी असेल तर तिच्याकडे मी सगळ्यात आधी बोट दाखवेन. सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिलिमीटर एफ/१.४ या लेन्स निकॉनला २०२३ पासून आहेत, आता कॅननलाही. तेव्हा जुने व्हिडिओ बघून मत बनवत असाल तर त्याची तारीख आधी बघा.

घरात वडिलांचा किंवा मामाचा जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) पडला असेल तर त्याच्या लेन्स बाहेर काढा. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स जोड लावून आर५०वर नीट चालतात, ऑटोफोकससकट. कॅननच्या आधीच्या मिररलेसच्या ईएफ-एम लेन्स मात्र कुठल्याही जोडाने बसत नाहीत. निकॉनचं थोडं बारकाईने बघावं लागतं. एफटीझेड जोडावर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकस करतात. ज्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर फिरवते त्या फक्त हाताने फोकस होतात. लेन्सवरची अक्षरं वाचा, दुकानदाराच्या 'चालेल हो' वर जाऊ नका.

पायरी ५: पूर्ण बिल एका कागदावर

दोन रकाने करा, आणि प्रत्येकात फक्त कॅमेऱ्याची किंमत लिहून थांबू नका. बॉडी आणि किट लेन्स, पायरी ४ मधली दुसरी लेन्स, एक जादा बॅटरी, कार्ड, बॅग, कोरडा डबा (लेन्सला बुरशी लागू नये म्हणून), आणि लागत असेल तर फ्लॅशचा जोड किंवा माइक. दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या लहान आहेत. दिवसभराच्या कार्यक्रमाला एक पुरत नाही.

कार्ड दोघांनाही यूएचएस-१ या वेगाच्या श्रेणीचं चालतं, त्याहून महागडं घेण्यात अर्थ नाही. व्हिडिओ करणार असाल तर त्यावर व्ही३० (सलग लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं असावं. वरच्या दर्जाचा ४के व्हिडिओ तासाला साधारण ५५ ते ६५ जीबी जागा खातो, म्हणून ६४ जीबीचं कार्ड अपुरं पडतं. १२८चं घ्या, शक्यतो दोन.

दोन रकान्यांची बेरीज करून बजेटच्या वर जात असेल तर काटायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: दुसरी लेन्स कापू नका. त्यापेक्षा वापरलेली बॉडी बघा.

पायरी ६: हातात घेऊन पारख

ही पायरी टाळून ऑनलाइन मागवू नका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना लागून आहेत, तिथे दोन्ही एका फेरीत बघता येतात. इतर शहरांतही कंपन्यांची अधिकृत दुकानं असतात. त्याहून उत्तम म्हणजे भाड्याने घेऊन बघणं. मोठ्या शहरांत ओळखपत्र आणि अनामत घेऊन कॅमेरे भाड्याने देणारे आहेत. शनिवार-रविवार एक, पुढच्या आठवड्यात दुसरा. चुकीच्या खरेदीपुढे ते भाडं काहीच नाही.

जाताना स्वतःचं कार्ड न्या. दुकानदाराला आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. मग हे करा, दोन्ही कॅमेऱ्यांवर अगदी सारखं:

- पाच मिनिटं नुसता हातात धरा. मेन्यू उघडू नका. करंगळी कुठे जाते, अंगठा बटणांना पोचतो का, मनगटाला ओझं होतं का, हे बघा.
- कुणाची मदत न घेता तीन गोष्टी बदला: आयएसओ, फोटोचा उजळपणा आणि फोकसचा चौकोन. ज्यावर अडलात, ते लिहून ठेवा.
- दुकानातलं एकच शेल्फ आयएसओ १६००, ३२०० आणि ६४०० वर, दोन्हीकडे एफ/५.६ ठेवून टिपा. जेपेगबरोबर रॉ फाइलही (सेन्सरची न बदललेली मूळ नोंद) घ्या.
- सोबतच्या माणसाला दूरवरून तुमच्याकडे झपाट्याने चालत यायला सांगा आणि बटण दाबून ठेवा. नंतर शेवटचे, अगदी जवळ आलेले फोटो तपासा. ऑटोफोकसची खरी परीक्षा तिथे असते.
- रॉवर ठेवून सलग बटण दाबा आणि कॅमेरा किती वेळात मंदावतो ते बघा. आर५०चा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती जागा) रॉमध्ये लवकर भरतो. हलणारे विषय टिपायला तो घेत असाल तर त्याच्याशी जेपेगमध्ये काम करायची तयारी हवी.
- परवानगी घेऊन दाराबाहेर या. पडदा उन्हात धरा, मग आर५०च्या व्ह्यूफाइंडरमधून बघा. पायरी ३ मधल्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर तुम्हाला मिनिटभरात मिळेल.

एक परीक्षा तक्त्यांत कधीच नसते. जाताना झेंडूची चार फुलं आणि एखादं भगवं किंवा गर्द लाल कापड न्या. आपल्याकडचे निम्मे फोटो याच रंगांचे असतात: तोरणं, पताका, गुलाल, कुंकू, पैठणी. कॅमेऱ्याच्या सेन्सरला गडद लाल आणि केशरी सांभाळणं जड जातं, पाकळ्यांच्या घड्या जाऊन नुसता रंगाचा गोळा उरतो. दोन्ही कॅमेऱ्यांवर तो फोटो घ्या, आधी आहे तसा, मग उजळपणा थोडा कमी करून. शेजारी एखादा चेहराही ठेवा. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचा रंग कुठे खरा वाटतो आणि कुठे पिवळट किंवा गुलाबी होतो, हे तुमच्याच माणसाच्या चेहऱ्यावर बघितल्याशिवाय कळत नाही. कुणाचा रंग आवडावा यावर मी काही सांगणार नाही. तिथे तुमचा डोळा शेवटचा.

फोटो घरी मोठ्या पडद्यावर बघा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यांत रॉ फाइल उघडतात. एक काळजी घ्या. दोन्ही फोटो शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवले तर कॅननचा फोटो आकाराने मोठा दिसतो आणि त्यातले दाणेही जास्त डोळ्यांत येतात. दोन्ही सारख्या आकारात आणून मग ताडा.

व्हिडिओ ताडताना फ्रेम दर २५ आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेमवर आणि भलत्या शटरवर ट्यूबलाइट किंवा साधे एलईडी लपलपताना दिसतात, आणि दोष कॅमेऱ्याचा समजला जातो.

पायरी ७: ठरवणं आणि घेणं

आता कागद पुन्हा काढा. तीन प्रकारांपैकी दोन ज्याच्याकडे झुकतात, तो घ्या.

माझं मत विचाराल तर, फोटो काढण्यासाठी कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांनी आर५० घ्यावा. व्ह्यूफाइंडर आणि ऑटोफोकस या दोन गोष्टी भारतातल्या उन्हात आणि हलत्या घरात सगळ्यावर मात करतात. झेड३० मी त्यांना सुचवेन ज्यांचं मुख्य काम व्हिडिओ आहे आणि तोही तिपाईवर: शिकवणारे, पाककृती करणारे, कीर्तन-प्रवचन टिपणारे. आणि ज्यांना घरातल्या उजेडात सावकाश, दोन्ही चक्रं फिरवत मॅन्युअल शिकायचं आहे, त्यांनाही. निकॉनची चक्रं आवडली पण व्ह्यूफाइंडरविना करमत नाही, असं झालं तर तिसरं नाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या निकॉन झेड५० २ मध्ये व्ह्यूफाइंडर, फ्लॅश, हेडफोनची जागा आणि पक्षी ओळखणारा ऑटोफोकस, सगळं आहे. वजन ५५० ग्रॅम, किंमतही वर. थोडं थांबून पैसे साठवता येत असतील तर थांबावं असा तो कॅमेरा आहे.

घेताना जीएसटीचं पक्कं बिल मागा, आणि बिलावरचा, खोक्यावरचा आणि बॉडीखालचा अनुक्रमांक एकच आहे ना ते तिथल्या तिथे बघा. वॉरंटी कार्ड भारतातल्या कंपनीचं असावं. 'बिलाशिवाय पाच हजार कमी' या बोलीत बहुधा बाहेरून आणलेला माल असतो, त्याला इथली वॉरंटी मिळत नाही. दुबईहून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका, आधी लेखी विचारा. खोक्यात चार्जर आहे की नुसती केबल, हेही बघा. गणपती ते दिवाळी या काळात कंपन्या कार्ड किंवा बॅग सोबत देतात. ती बॅग चांगली असेलच असं नाही, तिच्यासाठी निर्णय बदलू नका.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर कोरडा डबा पहिल्याच दिवशी घ्या. जून ते सप्टेंबरमध्ये बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ एवढ्याने काम होतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा.

आणि पहिला आठवडा, बदलून घ्यायची मुदत असेपर्यंत, हे तपासून घ्या. लेन्सवर टोपण ठेवून एक फोटो काढा आणि काळ्या फोटोत चमकणारे ठिपके आहेत का बघा. एफ/१६ वर आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवर धूळ असेल तर डाग दिसतील. शेवटी विटांच्या किंवा चौकोनी टाइल्सच्या भिंतीसमोर तिपाईवर कॅमेरा सरळ लावा आणि किट लेन्सच्या दोन्ही टोकांना फोटो घ्या. डावी कड धारदार आणि उजवी पुसट, किंवा उलट, असं ठळक दिसलं तर लेन्समधली काच तिरपी बसली आहे. बिल आणि ते फोटो घेऊन दुकानात जा आणि लेन्स बदलून मागा.